सोडलेली कोंबडी

अक्काची खुडूक कोंबडी आमच्या अंगणात अंड्यांवर बसवली, तेव्हा होणारी पिल्लं अर्धी माझी झाली. आमच्याकडे याला वाट्यानं देणं म्हणतात. एकीची कोंबडी आणि अंडी, दुसरीची जागा, दाणापाणी आणि राखण; पिल्लं हाताशी आली की निम्मी-निम्मी. कागद नाही, साक्षीदार नाही. मी तीस वर्षं एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढली. तिथे तीन सह्या झाल्याशिवाय शब्दकोशसुद्धा टेबलावरून हलत नसे. त्यामुळे हा व्यवहार मला फारच सुधारलेला वाटला.

अक्का आमच्या मागच्या गल्लीत राहते. सोलापूरजवळ कुंभारीत विडी कामगारांची जी घरं आहेत, त्यातल्या एका घरात. घरी ती तेलुगू बोलते, माझ्याशी मराठी, आणि कोंबड्यांशी दोन्ही. लग्नाआधीपासून तिनं विड्या वळल्या. गेल्या दोन वर्षांत मात्र तिचा उजवा अंगठा आखडत चाललाय. पान कातरता येतं, तंबाखू भरता येते, पण वळताना अंगठा मध्येच अडकतो आणि विडी सैल होते. सैल विड्या तपासणारा बाजूला काढतो. रोज बाजूचा ढीग वाढत होता.

मुलीकडे राहायला जाणं हा एक मार्ग होता. तो तिनं एका वाक्यात बंद केला. "जावयाच्या घरात पंखा लावायचा म्हटलं तरी इचारावं लागतं, बाई."

म्हणून कोंबड्या. या उन्हाळ्यात पिल्लं काढायची, दिवाळीपर्यंत तलंगा, म्हणजे तरण्या माद्या, अंडी घालण्यावर आणायच्या, आणि मग विड्या वळायचं सूप कायमचं भिंतीला टांगायचं, असा तिचा बेत होता. तिच्या दारात मांजरांचा सुळसुळाट, सावली नाही. आमच्याकडे लिंबाचं झाड, भिंतीचं कुंपण, माझ्या स्वतःच्या दोन कोंबड्या आणि नोकरीतून मोकळी झालेली दोन माणसं राखणीला. तिनं आमचं अंगण निवडलं. माणसांचीही पारख केली असावी, पण तिथे ती चुकली.

फेब्रुवारीच्या मध्यावर तिनं टोपलीत भाताचं तूस पसरलं, तेरा अंडी मांडली आणि कडेला एक कोळसा, एक वाळकी लाल मिरची ठेवली.

"यानं काय होतं?" मी विचारलं.

"काय होत न्हाय. ठिवायचं असतं."

हे उत्तर मला आवडलं. कित्येक प्रबंधांच्या शेवटच्या प्रकरणात इतका प्रामाणिकपणा नसतो.

एकविसाव्या दिवशी अकरा पिल्लं बाहेर आली. दोन अंडी वाया गेली. पिल्लं म्हणजे मुठीएवढी लगबग. पाणी प्यायली की चोच वर करून आभाळाकडे बघायची, घोट उतरला की परत खाली. मी बरणीच्या झाकणात पाणी ठेवायचे आणि त्यात खडे टाकायचे, म्हणजे कुणी बुडू नये. ज्वारीची कणी चाळून घालायचे. ऊन वाढायच्या आत डालग्यावर, म्हणजे पिल्लं झाकायच्या वेताच्या मोठ्या टोपलीवर, ओलं पोतं टाकायचे. अक्का दिवसातून दोनदा येऊन आखडलेल्या अंगठ्यानं एकेक पिल्लू उचलून पोट चाचपून बघायची. मोजायची मात्र नाही. पिल्लं मोजू नयेत म्हणे.

त्याच आठवड्यात महिला दिन आला. आमच्या वसाहतीत मंडप पडला, ध्वनिक्षेपक लागला, आणि अंधश्रद्धा या विषयावर बोलायला मला बोलावलं. असल्या समारंभांची मला जुनी नावड आहे. सत्काराला आणलेली शाल मार्च महिन्यात सोलापुरात कुणाच्याही खांद्यावर टाकणं हा सौम्य प्रकारचा छळ आहे, असं माझं मत आहे. तरीही मी गेले. शाल घेतली, नारळ घेतला आणि चाळीस मिनिटं बोलले. लिंबू-मिरची, शनिवारी न कापायची नखं, सोडलेल्या कोंबड्या, सगळ्यांचा समाचार घेतला. बायका हसल्या. टाळ्या पडल्या. घरी येताना नवरा म्हणाला, "छान झालं, पण शेवटी जरा लांबलं." मला ती असूया वाटली.

दोन दिवसांनी, मंगळवारी सकाळी, आम्ही फिरायला गेलो होतो. वसाहत संपते तिथून अक्कलकोट रस्त्याकडे एक पायवाट जाते. तिथे बाभळीखाली एक कोंबडी बसलेली होती. पाय चिंधीनं बांधलेले, तुऱ्यावर हळदकुंकू. पुढ्यात दहीभाताचा गोळा, लिंबू, दोन हिरव्या बांगड्या. घरावरचं दुखणं ओवाळून मरीआईच्या नावानं शिवेबाहेर सोडलेली कोंबडी. तिला कुणी हात लावत नाही.

मी लावला.

"राहू दे," नवरा म्हणाला.

"तुम्ही कारखान्यात इंजिनीयर होता ना?"

"होतो म्हणूनच. मला ती आजारी दिसते."

"उपाशी आहे. बांधून उन्हात टाकलीय, आजारी दिसणारच."

त्याच्या शंकेतही मला मरीआईच दिसली. मी चिंधी सोडली, कोंबडी काखेत घेतली आणि मधल्या गल्लीतून, सगळ्यांच्या दारांवरून, घरी आले. आडवाटेनं येता आलं असतं. नळावर पाणी भरणाऱ्या दोघी बघत राहिल्या. त्यांनी बघावं म्हणूनच मी तिथून आले होते, हे आज लिहिताना लाज वाटते.

मी तिला माझ्या दोन कोंबड्यांमध्ये सोडली. अक्काची कोंबडी तिथेच पिल्लं घेऊन माती उकरत होती. सगळ्यांनी एकाच भांड्यातलं पाणी प्यायलं.

दुपारी अक्का आली आणि फाटकातच थांबली.

"ती कोंबडी कुटली?"

"शिवेवरची. आता आपली."

"तसं न्हवं, बाई. कुणाच्या घरची हाय? त्यांच्यात काय झालं हुतं?"

हाच प्रश्न विचारायचा असतो. मी तो विचारला नव्हता. लोक कोंबडी का सोडतात, यावर मी चाळीस मिनिटं बोलू शकत होते. ही कोंबडी का सोडली, ते मला माहीत नव्हतं. मी अक्काला समजावलं की हळदकुंकवानं जंतू येत नाहीत, देवी कोंबडीत बसून कुठे जात नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"माजी पिल्लं तेवडी बाजूला ठिवा," ती म्हणाली. "तुमी शिकलेल्या हायसा. मी आपली भिते."

मी हसले. पिल्लं बाजूला ठेवली नाहीत.

बुधवारी ती कोंबडी पिसं फुगवून भिंतीच्या सावलीत बसून राहिली. चोच उघडी, श्वासाला घरघर. मी म्हटलं, ऊन आहे. गुरुवारी सकाळी दाणे टाकायला गेले तर ती उभी होती, पण तिची मान पूर्ण उलटी वळलेली होती, टाळू पाठीला टेकलेली. तशाच मानेनं ती मागे-मागे चालत होती. भिंतीला अडखळली, पडली, उठली आणि परत मागे चालू लागली. खाली हिरवट पातळ विष्ठा.

माझ्या हातातली कणी सांडली. पिल्लं धावत आली आणि तिच्या पायांशीच टिपायला लागली.

मी कोंबडीपालनावरची पुस्तिका घेऊन उभ्या-उभ्याच वाचली. वाचायची गरज नव्हती. मानमोडी. नावातच सगळं होतं. आला की खुराडी रिकामी करणारा रोग. आणि मी तो काखेत धरून, गल्लीभर मिरवून आणला होता.

सरकारी दवाखान्यातल्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी लक्षणं ऐकली आणि विचारलं, "बाहेरून आणलेला पक्षी किती दिवस वेगळा ठेवला होता?"

"ठेवला नव्हता."

त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

"पिल्लांना लस?"

"अजून नाही."

"आज द्या. पण मॅडम, खोटी आशा देत नाही. लस लागू पडायला दिवस लागतात. आजार आधीच शिरला असेल तर लसीचा उपयोग नाही. पुढचे पंधरा दिवस बघायचं."

नवरा थर्मासमध्ये बर्फ भरून लस आणायला गेला. तो बाहेर पडला आणि मी अंगणात एकटी राहिले. मला तेव्हा वाटलेली भीती कशी सांगावी कळत नाही. भुताची भीती वाटते तेव्हा निदान कुठून येईल याचा अंदाज तरी असतो. हे माझ्या चपलेला असेल, पदराला असेल, पाण्याच्या भांड्याच्या काठाला असेल. पिल्लं नेहमीसारखीच पळत होती. एक आईच्या पाठीवर चढून बसलं होतं. अकराही ठणठणीत दिसत होती, आणि मला कुठल्याच पिल्लाकडे सरळ बघता येईना.

फाटकाची कडी वाजली. अक्का.

"पिल्लं कशी हायत?"

"छान आहेत," मी म्हणाले. आजारी कोंबडी मी तोवर न्हाणीघरात कोंडली होती.

"माजा जीव उगाच खालीवर हुतोय," ती म्हणाली आणि गेली. खोटं बोलणं इतकं सोपं असतं याची मला कल्पना नव्हती.

नवरा आला. आम्ही एकेक पिल्लू धरून डोळ्यात लसीचा एकेक थेंब टाकला. थेंब टाकला की पिल्लू डोळा मिटेपर्यंत धरून ठेवायचं, म्हणजे लस आत जाते. नवरा धरायचा, मी टाकायचे. तिसऱ्या पिल्लाचा थेंब चोचीवर पडला, तेव्हा आम्ही कामं बदलली. पिल्लू मुठीत धरलं की छातीचं धडधडणं बोटांना लागतं. माझं की त्याचं, हे कळत नव्हतं. संध्याकाळी आणलेली कोंबडी मेली. मागच्या कोपऱ्यात खोल खड्डा घेऊन, चुना टाकून तिला पुरलं.

शुक्रवारी माझी काळी कोंबडी दाण्यावर आली नाही. भिंतीकडे तोंड करून बसली होती. तेव्हा मी अक्काच्या घरी गेले.

ती उंबऱ्यावर सूप मांडीवर घेऊन बसली होती. बाजूला काढलेल्या विड्यांचा ढीग होताच. मी उभ्यानंच सगळं सांगितलं; कोंबडी, मान, लस, कालचं खोटंही. ती ओरडेल, निदान बोलेल, असं वाटलं होतं. तिनं हातातली विडी पुरी केली, दोरा गुंडाळला.

"गल्लीत सांगितलाव?"

"नाही अजून."

"मग हितं काय करतायसा? सांगा जावा. समद्यांच्या कोंबड्या मोकळ्या फिरतात की."

मी दारोदार गेले. शाल घेऊन बसले होते त्या मंडपातल्या बायकांच्या दारात, एकेकीच्या. आमच्याकडे मानमोडी आलीय, कोंबड्या बांधून ठेवा, आमच्या फाटकाशी येऊ नका, कोंबड्यांना लस टोचून घ्या. प्रत्येक दारात तेच. एकीनं पदर तोंडाला लावून विचारलं, "बाई, पर तुमीच म्हणला हुता की, कायबी हुत न्हाय म्हणून."

"चुकले."

"मायकावर म्हणला हुता," ती म्हणाली. मुद्दा बरोबर होता. चूक ध्वनिक्षेपकावरून करायची आणि दुरुस्ती दारोदार जाऊन, तोंडानं.

शेवटून दुसऱ्या घरात मला ती कोंबडी सोडणारी बाई भेटली. माझं बोलणं पुरं व्हायच्या आतच ती रडायला लागली. तिच्या सहा कोंबड्या आठवड्यात मेल्या होत्या. सातवी तेवढी उभी होती. "घरात मारायला हात हुईना, आनि ठिवायचं तर भ्या वाटत हुतं," ती म्हणाली. "म्हणून लांब सोडली. कुणी हात लावणार न्हाय म्हणून सोडली. तुमी उचलून आणली आसं कळलं तवा मी सांगायला येणार हुते. पर तुमी लई शिकलेल्या. म्हटलं, तुमाला म्हाईत आसल."

ती प्रथा शहाणी आहे असं मी म्हणणार नाही. शिवेच्या पलीकडेही कुणाच्या तरी कोंबड्या असतात, आणि दहीभात खायला कुत्री-कावळे येतातच. पण हात लावायचा नाही, एवढी एक गोष्ट त्यात होती. तेवढीच मी मोडली.

पुढचे दिवस मी सकाळच्या धास्तीत काढले. उजाडलं की डालगं उचलायचं. उचलायच्या आधी कान लावायचे. आत चिवचिव असायचीच, पण चिवचिवीवरून आकडा कळत नाही. पहिल्यांदा काळी गेली, मग माझी दुसरी. रविवारी डालगं उचललं तर दोन पिल्लं आडवी, पाय ताणलेले. तिसरं उभं होतं, पण मान एका बाजूला झुकवून, काहीतरी ऐकत असल्यासारखं. दुपारपर्यंत तेही संपलं. त्यांना खड्ड्यात ठेवताना आई कोंबडी कुंपणाजवळ येऊन क्लक-क्लक करत राहिली. तिला काहीच झालं नाही. डॉक्टर म्हणाले, कधीतरी आधी होऊन गेलं असेल.

मी चपला चुन्याच्या पाण्यात बुडवायचे, हात साबणानं कोपरापर्यंत धुवायचे, आणि तरी वाटायचं, माझ्याच अंगावरून जातंय. पिल्लांना दाणे टाकायलाही नवऱ्याला पाठवायला लागले. तो एकदाच म्हणाला, "तू पण जेव काहीतरी."

अक्का रोज यायची. फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभी राहायची. किती राहिली, असं तिनं एकदाही विचारलं नाही. तिनं विचारलं नाही म्हणून मीही सांगितलं नाही. ती डोळे बारीक करून थोडा वेळ ऐकायची आणि जायची. गुरुवारी ती आली तेव्हा अंगण अगदी शांत होतं; पिल्लं आईच्या पंखांखाली होती. तिचा चेहरा पांढरा पडलेला मी फाटकातून पाहिला.

"आहेत," मी ओरडले. "झोपलीत, अक्का. आहेत!"

ती रस्त्याच्या कडेला मटकन बसली. उठायला तिला वेळ लागला, आणि मी हात द्यायला बाहेर जाऊ शकत नव्हते.

त्या दिवसानंतर दोन पिल्लं गेली. मग कुणी गेलं नाही. मी दिवस मोजत होते. पाच, आठ, बारा. अर्ध्या रात्री जाग येऊन काय उरलंय याचा हिशेब डोक्यात चालू व्हायचा, म्हणून मी शेवटी पुस्तिका कपाटात वर टाकली. पंधरा दिवस काही न होता गेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, आता न्यायला हरकत नाही, पण तुमचं अंगण पावसाळ्यापर्यंत रिकामं ठेवा.

अक्का टोपली घेऊन आली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा फाटकाच्या आत. आई आणि सहा पिल्लं. मी म्हटलं, वाटा-बिटा काही नको, सगळी तुमची. ती म्हणाली, वाटा म्हंजे वाटा. मी म्हटलं, माझ्याकडे ठेवायला जागाच नाही. मग तिनं मान हलवली आणि पिल्लं पदराखाली झाकून घेऊन गेली.

पिल्लांमध्ये नर किती आणि मादी किती, हे लगेच ओळखू येत नाही. तुरे लाल व्हायला लागले, माना ताठ झाल्या, तेव्हा कळलं. सहातले चार कोंबडे. तलंगा दोनच. दोन तलंगांवर सूप भिंतीला टांगता येत नाही. हे अक्कानं मला सांगितलं नाही. तिच्या दारावरून जाताना ती मांडीवर सूप घेऊन बसलेली दिसते, आणि मी वेग वाढवते.

दिवाळीनंतर त्यातली एक अंड्यांवर आली. तीन दिवसांपूर्वी, थंडी ओसरायला लागली तशी, अक्का आमच्या फाटकात येऊन उभी राहिली. जुनी कोंबडी पुन्हा खुडूक झालीय, तिनं सांगितलं. तेरा अंडी साठवलीत.

"तुमच्यात बसवू का?"

"नको," मी म्हणाले. "अहो, मला भीती वाटते."

"कशाची?"

"सगळ्याची. चपलांची, पाण्याच्या भांड्याची. माझी."

तिनं आमच्या रिकाम्या अंगणाकडे, लिंबाच्या सावलीकडे बघितलं.

"गेल्या साली भ्या वाटत नव्हतं तुमाला," ती म्हणाली. "आता वाटतंय. मग बसवायला हरकत न्हाय की."

मी अजून हो म्हटलेलं नाही. बसवायची अंडी आठवडाभरच टिकतात, असं ती जाताना सांगून गेली. आज चौथा दिवस आहे.